जालन्याचा पंप, तेसोचे पाणी

हातपंप ही वस्तू आपल्या इतक्या परिचयाची आहे की तिलाही एखादे जन्मगाव असेल, काही वंशावळ असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तीन पायांवर उभे असलेले लोखंडी खोके, त्यातून बाहेर आलेला लांब दांडा, समोर तोटी आणि खाली सिमेंटचा ओटा, एवढे दिसले की आपण घागर लावतो आणि पुढे जातो. पण हैदराबादकर मराठी वाचकांस सांगण्याजोगी गोष्ट अशी की, या पंपाचे मूळ आपल्याच जुन्या संस्थानात, जालना येथे आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण वडीलधाऱ्यांच्या तोंडी आपण ऐकत आलो. तेथल्या कापसाच्या पेठेचा तो गौरव होता. पंपाचे नाव त्या म्हणीत नाही, पण पाळण्यात तोही होता.

१९६० नंतरच्या दशकात मराठवाड्यात कठीण खडकातून विंधनविहिरी घेण्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्यांवर बसविण्यास मिळत ते बिडाचे पंप मुळात एकेका कुटुंबाच्या अंगणासाठी बनविलेले होते. सारे गाव त्यांवर तुटून पडले की ते काही दिवसांतच मान टाकीत. जालन्याच्या मिशनच्या विहीर-प्रकल्पातील कारागिरांनी बिडाऐवजी पोलाद घेतले आणि दांड्याच्या अनेक सांध्यांऐवजी एकच आस ठेवला. सोलापूरच्या कारखान्यात त्या नमुन्यावर आणखी संस्कार झाले. मध्यंतरी १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. मोडणाऱ्या पंपाची किंमत काय असते हे त्याने सर्वांनाच शिकविले. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासचे अभियंते यांनी सोलापूरचा नमुना समोर ठेवून आणि कोईमतूरकडे चाचण्या घेऊन जो पंप सिद्ध केला, तो 'इंडिया मार्क टू'. १९७९ साली त्याचे भारतीय मानक ठरले.

त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. दांड्याच्या आतल्या टोकाशी वर्तुळखंडाच्या आकाराचा भाग असतो, त्यावरून एक साखळी उतरते आणि साखळीला विहिरीतील सळया लोंबतात. त्यामुळे दांडा कसाही हलविला तरी सळया सरळ रेषेतच वर-खाली होतात, वाकत नाहीत, घासत नाहीत. दांडा मुद्दाम भरीव व जड ठेवलेला, म्हणून त्याच्या वजनाने सळयांचे वजन तोलले जाते आणि दहा वर्षांची पोरही दीडशे फुटांवरचे पाणी ओढू शकते. ज्याने हे जमविले त्याने पाणी भरणाऱ्या बायकांच्या खांद्यांचा विचार केला होता, हे उघड आहे.

हा पंप पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेला. युगांडात त्याला 'यू-टू' म्हणतात. २०२३ च्या जानेवारीत आमचे भाचे नोकरीनिमित्त तिकडे असताना आम्हा उभयतांस पूर्व युगांडातील तेसो प्रदेशात काही दिवस राहण्याचा योग आला. तेथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने आपल्या या पंपाची जी परीक्षा घेतली, ती आम्ही जवळून पाहिली. प्रवासवर्णनाच्या निमित्ताने सांगावयाची आहे ती मुख्यतः तीच हकीकत.

कंपाल्याहून सोरोटी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. वाटेत जिंजा लागते. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी येथे बाहेर पडते. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली येथे विसर्जित झाला होता, त्याची खूण म्हणून नदीकाठी त्यांचा पुतळा आहे. नदीचे ते शांत, रुंद पाणी पाहून आम्ही हात जोडले. १९७२ साली ईदी अमीनने आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडावयास लावले होते. पुढील काळात काही कुटुंबे परतली, आणि जिंजाच्या आसपासचे उसाचे मळे व जुन्या दुकानांवरील गुजराती नावे पाहिली की आपण परक्या मुलखात आहो हे क्षणभर विसरावयास होते. मबाले गाठले की उजव्या हातास एल्गन पर्वत ढगात डोके घालून बसलेला दिसतो. नंतर डोंगर मागे पडतात आणि भूमी सपाट, लालसर होत जाते. मधूनच ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे कोणी आणून ठेविल्यासारखे उभे. हैदराबादच्या माणसास ते धोंडे पाहून घरच्यासारखे वाटले नाही तरच नवल! सखल भागांत पपायरसच्या दलदली, उंचवट्यावर आंबा आणि चिंच, आणि शेतांतून बैलांचा नांगर. युगांडाच्या बऱ्याच भागांत कुदळीने शेती होते, तेसोचे लोक मात्र बैलाचे.

पहिल्याच सकाळी शेजारची एक म्हातारी कुंपणाशी येऊन आम्हांस म्हणाली, "योगा!" आम्ही चमकलो. नंतर कळले की अतेसो भाषेत हा साधा नमस्कार आहे, आणि आभार मानावयाचे तर 'एयालामा'. आईस 'तोतो' म्हणतात, बापास 'पापा'. दोन दिवसांत आम्ही सर्व गावाचे तोतो-पापा होऊन गेलो. जेवणात 'अताप' येई. नाचणी आणि कसाव्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा तो, सोबत भुईमुगाच्या कुटाचे कालवण. नाचणीचा घास घेताना भाचे म्हणाले, "मामी, हिचे माहेर हेच." खरेच आहे. ज्या नाचणीची भाकरी आपण कोकणची म्हणून खातो, ती हजारो वर्षांपूर्वी या पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातून आपल्याकडे आली. नाचणी तिकडून इकडे आली, पंप इकडून तिकडे गेला. व्यवहार तसा जुनाच म्हणावयाचा.

आता विद्यार्थ्यांविषयी. सात जण होते, त्यांत दोन मुली. सर्व युगांडाचेच, अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आलेले. त्यांपैकी अतेसो बोलणारा एकटाच, बाकीचे दुसऱ्या प्रांतांतले. म्हणजे तेही या गावात आमच्याइतकेच पाहुणे होते, आणि दुभाष्याचे काम करून करून तो एकटा मुलगा संध्याकाळपर्यंत थकून जाई. आफ्रिकेतील गावे आणि अभियंते हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर युरोप-अमेरिकेतून आलेली गोरी मुले येतात. तशी मुलेही येतात, चांगले कामही करतात. परंतु कंपाल्याच्या मकेरेरे विद्यापीठाची सुरुवातच १९२२ साली सुतारकाम, बांधकाम आणि यंत्रकाम शिकणाऱ्या चौदा विद्यार्थ्यांनी झाली होती, हे आपणांस ठाऊक नसते. हाताने काम करून शिकण्याची परंपरा त्या देशात काल-परवाची नव्हे.

'समुचित तंत्रज्ञान' हा शब्द त्या मुलांच्या तोंडी वारंवार येई. शूमाखर यांनी १९६० व ७० च्या दशकांत ही कल्पना जगापुढे मांडली. यंत्र लहान असावे, स्वस्त असावे, गावातल्या माणसास दुरुस्त करता यावे, असा तिचा आशय. गांधीविचाराचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले होते. पण शब्द रूढ झाला की त्याचा कसा खेळखंडोबा होतो, याचे एक उदाहरण त्यातल्या चष्मेवाल्या मुलीने आम्हांस सांगितले. दक्षिण आफ्रिकेत एक चक्रपंप निघाला होता. मुलांनी मेरी-गो-राउंडवर खेळावे आणि त्या फिरण्याने पाणी वर चढून टाकीत पडावे, अशी योजना. चित्र इतके गोजिरवाणे की २००६ साली अमेरिकेतून त्यासाठी मोठ्या निधीची घोषणा झाली. एका इंग्रजी दैनिकाने २००९ मध्ये हिशेब मांडला, तो असा की ठरविलेल्या लोकसंख्येस पाणी पुरवावयाचे तर मुलांनी दिवसाचे २७ तास खेळावयास हवे! मलावीत काम करणाऱ्या कॅनडाच्या एका तरुण अभियंत्याने प्रत्यक्ष गावांत जाऊन पाहिले, तो मुले कोठेच नाहीत आणि बायाबापड्या वाकून ते चक्र हाताने ढकलीत आहेत. तो ज्या संस्थेचा, ती 'इंजिनिअर्स विदाऊट बॉर्डर्स' ही कॅनडातील संघटना २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा स्वतंत्र अहवाल छापू लागली. आपल्याकडील किती संस्थांना हे धाडस होईल, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

असो. ज्या गावी आम्ही जात होतो तेथला पंप चालू होता. दांडा हलत होता, साखळी शाबूत होती, पाणी येत होते. तरी बायका तेथे पाणी भरीत नव्हत्या. डोक्यावर वीस लिटरचे पिवळे कॅन घेऊन त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवरील दलदलीच्या झऱ्याकडे जात, जेथे गुरेही पाणी पीत. कारण विचारले तेव्हा एकीने काही न बोलता आम्हांस घरात नेले आणि पांढऱ्या शाळेच्या सदऱ्यावरचे तांबूस डाग दाखविले. दुसरीने चहा करून पुढे ठेविला. तो चहा नव्हता, शाई होती! लोहयुक्त पाण्यात चहाचा तुरटपणा मिसळला की रंग काळाच व्हावयाचा. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांची शाई घरी करीत, तोच हा रासायनिक प्रकार. असे पाणी विषारी नसते, पण त्याची चव आणि रंग माणसास परतवून लावतात आणि तो उघड्या पाण्याकडे जातो. ते पाणी दिसावयास स्वच्छ, पण रोगराईचे घर.

गावात दोन मते होती. वडीलधारे म्हणत की भूमीच वाईट, येथले पाणी असेच, सरकारकडे दुसऱ्या जागी नवीन विंधनविहीर मागावी. पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक म्हणे की पाणी चांगले आहे, नळ कुजले आहेत. दोन्ही पक्षांपाशी पुरावा असा नव्हता. आणि निर्णय चुकला तर गावाची वर्षानुवर्षांची वर्गणी पाण्यात जाणार होती. भूमीतच लोह असेल तर नवे नळ घालून उपयोग नाही, नळच गंजले असतील तर नवी विहीर खणून त्यात तसलेच नळ सोडणे म्हणजे दोन-चार वर्षांनी पुन्हा तेच.

विद्यार्थ्यांनी जी परीक्षा केली तिला ना मोठी प्रयोगशाळा लागली, ना विजेची सोय. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, एक बादली, मोबाईलवरचे घड्याळ आणि आम्लता मोजण्याचे खिशात मावेलसे उपकरण. आदल्या संध्याकाळी समितीने दांड्यास साखळदंड घालून कुलूप लावले, म्हणजे रात्रभर नळातले पाणी जागच्या जागी राहील. सुमारे छत्तीस मीटर खोल उतरलेला, सव्वा इंची नळ. त्यात किती पाणी मावते याचा हिशेब मुलांनी मातीत काडीने करून दाखविला, तो तीस लिटरच्या आत-बाहेर, म्हणजे दीड कॅन. तेवढे पाणी रात्रभर लोखंडाशी संगत करीत बसणार.

पहाटे अंधारातच कुलूप निघाले. पहिले पाणी आले ते पहिल्या बाटलीत. मग ठराविक हेलकाव्यांनंतर दुसरी, तिसरी, आणि पुढे दर पाव तासाला एक. पंप क्षणभरही थांबू द्यावयाचा नव्हता, म्हणून गावातील बाया, पोरे, म्हातारे आळीपाळीने दांड्यावर आले. वाहून जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून कोणी ते विटा पाडण्याच्या मातीवर नेत होते, कोणी गुरांच्या डोणीत ओतीत होते. आम्हीही आमचा वाटा उचलला. चाळीस हेलकाव्यांनंतर आमची दोघांची काय अवस्था झाली ते सांगत नाही. पोरांना मात्र फार आनंद झाला. मुलांनी पाण्याचेही माप घेतले. कागदावरील हिशेबाने चाळीस हेलकाव्यांना पंधरा लिटरच्या वर पाणी यावे, तेथे बादली जेमतेम अर्ध्यावर गेली. याचा अर्थ वर चढणारे पाणी वाटेतच कोठेतरी गळत होते. मेकॅनिकने ते ऐकून मान हलविली, पण तो काही बोलला नाही.

सूर्य वर आला. बाटल्या ओट्याच्या कडेला ओळीने, तोंडे उघडी ठेवून मांडल्या होत्या. तोटीतून पडताना पहिल्या काही बाटल्यांतले पाणी फारसे वाईट दिसत नव्हते. लोह विरघळलेले असते तेव्हा ते डोळ्यांस दिसत नाही, हवा लागली की रंग धरते. दहाच्या सुमारास रंग उमटू लागला आणि दुपारपर्यंत सारी ओळ बोलू लागली. पहिली बाटली विटेच्या रंगाची, दुसरी तिच्याहून गडद, मग काव, मग फिका पिवळा, आणि तीन तासांनंतरच्या बाटल्या विहिरीच्या तळाइतक्या नितळ. भूमीतच लोह असते तर शेवटच्या बाटलीसही पहिलीचाच रंग आला असता. अक्षर न वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालत पाहिली. दुभाषा मुलाला त्या दिवशी फार बोलावे लागले नाही.

पाण्याची आम्लता ६.१ भरली. साडेसहाच्या खाली गेलेल्या पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ टिकत नाहीत, हे पश्चिम आफ्रिकेतील पंपांच्या अभ्यासातून १९८० च्या दशकापासून जाणकारांस ठाऊक आहे. येथे आम्हांस जालना आठवले. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातले पाणी बहुधा जड आणि किंचित क्षारधर्मी. ते नळाच्या आत पांढरट थर धरते, लोखंड खात नाही. तेसोचा खडक पुरातन ग्रॅनाइटचा, चुन्याचा अंश नाही म्हणावयास हरकत नाही, त्यावर पावसाने धुऊन निघालेली तांबडी माती. कुजणाऱ्या मुळांतून उतरणारा कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी खाली जाते आणि त्याची आम्लता मारावयास वाटेत काही भेटत नाही. त्या पंपाची साखळी, आस, दांडा हे सर्व तेथेही उत्तम टिकले. जे आपल्याकडे कधी प्रश्न म्हणून समोर आले नाही, ते नळ तेवढे तेथे दगा देत होते.

युगांडा सरकारने २०१६ साली नव्या बसवणुकीत आणि मोठ्या दुरुस्तीत असे जस्ताच्या मुलाम्याचे नळ वापरण्यास मनाई केली. त्यानंतरच्या वर्षांत ब्रिटनच्या भूगर्भशास्त्रज्ञांबरोबर मकेरेरे व इतर विद्यापीठांनी युगांडा, इथिओपिया आणि मलावी या देशांत मिळून सुमारे दीडशे पंप उपसून त्यांचे अंतरंग तपासले. मनाई झाली तरी आधीचे हजारो पंप भूमीत उभेच आहेत. शिवाय स्टेनलेस स्टीलचे नळ कितीतरी महाग, आणि प्लॅस्टिकचे हलके पण जपून हाताळावे लागणारे.

दुसऱ्या दिवशी नळ उपसले. हे काम मेकॅनिकचे. सायकलला बांधून आणलेल्या गाठोड्यात त्याचे पाने, चिमटे आणि आवळण्या होत्या. मुलांनी पुस्तकातील रीत सांगावयास सुरुवात केली, तेव्हा त्याने एकाच्या हातातला पाना काढून घेऊन उलटा करून परत दिला. पुढचे तीन तास विद्यार्थी तोच होऊन गेला होता शिक्षक, आणि मुले निमूटपणे हाताखाली. एकेक तीन मीटरचा नळ, असे बारा. सहावा वर आला तेव्हा त्याला बोट जाईल एवढे भोक होते. आठव्याची आटे पार खाल्लेली, हातात येताच तो निखळला. मेकॅनिकने तो नळ उचलला आणि समितीच्या अध्यक्षापुढे नेऊन आडवा ठेविला. "मी सहा वर्षे हेच सांगत होतो," एवढेच त्याचे बोलणे. विद्यार्थ्यांतील तो उंच मुलगा नंतर आम्हांस म्हणाला, "पापा, आम्ही शोधून काही काढले नाही. त्याला ठाऊक होते ते बाटल्यांत भरले इतकेच." आमच्या मते हे तितकेसे खरे नव्हे. गावाने त्याचे सहा वर्षे ऐकले नव्हते, कारण पंप मोडला की त्यास मजुरी मिळते, मग तो नळ बदला असेच म्हणणार, अशी शंका होती. बाटल्यांना मजुरी मिळत नव्हती.

संध्याकाळी आंब्याखाली समिती बसली. खजिनदार एक विधवा बाई होती. तिने कापडी पिशवीतून वही काढून जमा वर्गणी वाचून दाखविली. स्टीलच्या नळांना पैसे पुरणारे नव्हते. प्लॅस्टिकच्या नळांना निम्मे होते. कोणी म्हणाले, जिल्हा कचेरीकडे अर्ज करावा. कोणी म्हणाले, तोपर्यंत पहाटे पहिले दोन कॅन विटांच्या मातीसाठी काढावेत आणि मग पिण्याचे भरावे. नळच बाहेर पडले आहेत याची कोणी आठवण दिली तेव्हा सारे हसले, ती बाईसुद्धा. दर घरामागे भुईमुगाची एक पाटी बाजाराच्या दिवशी द्यावी, असे शेवटी ठरले. भोवती बसलेल्या बायकांनी ते ठरविले, पुरुषांनी संमती दिली, असे आम्हांस तरी दिसले.

नवे नळ बसेपर्यंत राहणे आमच्या नशिबी नव्हते. पावसाळा उलटल्यावर भाच्यांनी छायाचित्रे पाठविली. ओट्याशी कॅनांची रांग आहे, दांड्यावर दोन मुली लोंबकळल्या आहेत, आणि खजिनदार बाईच्या हातात कपभर चहा आहे, विटकरी रंगाचा, जसा असावा तसा. मागे तिच्या अंगणात नवे कुंपण दिसते. आडव्या काठ्या बाभळीच्या आहेत. खांब मात्र आमच्या ओळखीचे निघाले. आठव्या नळाचे तुटके टोक वर करून एक शेळी त्यास अंग घाशीत उभी आहे.